कागदाआधी मनगट

अगं बाय,

काल रात्री पावणेअकराला तुझा मेसेज आला. ईसीजीचा तिरपा फोटो, त्यावर ट्यूबलाइटची चमक आणि खाली तीन शब्द, "ताई, हे काय?" वय नाही, नाडी नाही, बीपी नाही, बाई की बुवा तेही नाही. पट्टीच्या कोपऱ्यात मशीनने आपलं मत छापलं होतं, एट्रियल फिब्रिलेशन. त्या छापील अक्षरांना तू घाबरली होतीस हे मला इथे अंथरुणात कळलं. मी एवढंच विचारलं, "नाडी कशी लागतेय?" तर तू म्हणालीस, "थांब, बघून सांगते."

म्हणजे पेशंट आजींचा हात तू अजून धरलाच नव्हतास. रागावत नाही गं. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. अंबाडी नाक्यावर दवाखाना थाटून मला आता सत्तावीस वर्षं झाली. तू नवी नवी आरोग्य केंद्रात लागली आहेस, भिवंडी तुझ्यापासून वीसेक किलोमीटर आणि रात्री फोन उचलणारी मी एकटी. तेव्हा फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा निवांत लिहावं.

आधी तुझ्या आजी. नाडी निघाली ७८ आणि एकसारखी. फिब्रिलेशनमध्ये नाडी एकसारखी लागत नाही. पेसमेकर बसवलेला असेल किंवा खाली पूर्ण ब्लॉक असेल तर गोष्ट वेगळी, पण तुझ्या आजी चालत आल्या होत्या आणि छातीवर व्रण नव्हता. मग मी पट्टी परत बघितली. लीड वन आणि लीड टूमध्ये तळाची रेघ करवतीच्या दातांसारखी, लीड थ्री मात्र स्वच्छ. लीड वन म्हणजे दोन हात. टू म्हणजे उजवा हात आणि डावा पाय. थ्री म्हणजे डावा हात आणि डावा पाय. जिथे उजवा हात तिथे गोंधळ, उजवा हात नाही तिथे शांतता. आज सकाळी तू सांगितलंस की आजींचा उजवा हात कायमच कापतो, त्यांना चहाची बशीसुद्धा धरवत नाही. झालं. लीड थ्रीमध्ये प्रत्येक क्यूआरएसच्या पुढे इवलीशी पी उभी होती, ती मशीनला दिसली नाही. त्या छापील ओळीवर विसंबून रक्त पातळ करायची गोळी दिली असतीस, तर हात कापणाऱ्या, तोल जाणाऱ्या म्हातारीला ती किती महागात पडली असती ते बघ.

मशीनने काढलेले आकडे घे, ते मोजायला बरं असतं. तालाबद्दलचं त्याचं मत मात्र शेजारणीने आणलेल्या बातमीइतकंच धर. ऐकायचं, आणि स्वतः जाऊन बघायचं.

आता तारा लावण्याबद्दल. हे तुला कॉलेजात कुणी सांगितलं नसेल, कारण तिथे पट्टी आयती हातात येते. उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी, काळी उजव्या पायाला. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली की लीड वन उलटी होते आणि एव्हीआर सरळ उभी राहते. असं दिसलं की निदान करू नकोस, उठून तारा बघ. जेली संपली असेल तर कापूस सलाइनमध्ये भिजवून चालतो. थंडीत पेशंट कुडकुडत असेल तर पांघरूण घाल, दोन मिनिटं थांब, मग बटण दाब.

बायकांचं वेगळं. त्या लाजतात, आणि पट्टी काढणारा वॉर्डबॉय असला की तो त्यांच्याहून जास्त लाजतो. मग पदराच्या कडेकडेने जिथे जागा मिळेल तिथे छातीचे कप चिकटतात. व्ही वन, व्ही टू एक फासळी वर गेले की कधीच न आलेला जुना हार्ट अटॅक पट्टीवर दिसायला लागतो. दार लाव, पडदा ओढ, ब्लाउजचे हूक त्यांनाच काढायला सांग आणि पट्टी स्वतः काढ. छातीच्या हाडावर बोट फिरवलं की वरच्या बाजूला एक उंचवटा लागतो, तिथे दुसरी फासळी. तिथून खाली मोजत चौथ्या फटीत ये. स्तनाखालचा कप स्तन उचलून खालीच लावायचा, वरून नाही. पाच मिनिटं जास्त जातात. जाऊ देत.

तुझ्याकडचं मशीन एक चॅनेलचं आहे ना? ते ऑटोवर ठेवलं की प्रत्येक लीडचे तीन-चार ठोके छापून पुढे पळतं. तीन ठोक्यांवर कुणाचा ताल ठरवता येत नाही. ताल बिघडलाय असं वाटलं की मॅन्युअल कर आणि लीड टूची हातभर पट्टी काढ. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो, म्हणजे मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा, तीस चौकोन म्हणजे सहा सेकंद. ताल नियमित असेल तर दोन ठोक्यांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागायचं. अनियमित असेल तर ते सूत्र विसर. तीस चौकोनांतले ठोके मोज आणि दहाने गूण. मी आजही बोट ठेवून मोजते, मला कसली लाज!

खरं फिब्रिलेशन मी पहिल्यांदा ओळखलं ते पट्टीवर नाही, हातात. आपल्याकडे वीटभट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतर लागतो. एका भट्टीवरची बाई आली, असेल सव्वीस-सत्तावीसची, कडेवर पोर. दम लागतो, रात्री आडवं झालं की जीव घाबरा होतो. नाडी धरली तर तिला ताल नव्हताच. अधूनमधून एखादा ठोका चुकतो तसंही नव्हतं, कारण चुकण्यातही काही क्रम नव्हता. स्टेथोस्कोप लावून मोजले तर १३२, मनगटावर मोजले तर १०४. मधले अठ्ठावीस ठोके हृदयातून निघून हातापर्यंत पोचतच नव्हते. हे दोन आकडे प्रत्येक वेळी लिहीत जा. औषध लागू पडतंय का ते या दोन आकड्यांतलं अंतर सांगतं.

पट्टीवर खात्री करायची युक्ती अशी. कोऱ्या कागदाची कड ओळीने चार-पाच आर लाटांच्या टोकांना लाव, पेनाने खुणा कर आणि कड पुढे सरकव. नियमित ताल असेल तर खुणा पुढच्या टोकांवर बरोबर बसतात. लागोपाठ तीन ठोक्यांनंतर चौथा गळत असेल तर तोही क्रम दिसतो. फिब्रिलेशनमध्ये कड कितीही सरकव, खूण बसत नाही, आणि पी लाट कुठेच सापडत नाही. वयस्क माणसात मधूनच येणारे अवेळी ठोके, एक्टोपिक, यांची गर्दी झाली की तसंच वाटतं. म्हणून पी शोधल्याशिवाय नाव ठेवायचं नाही.

त्या भट्टीवरच्या बाईला डाव्या कुशीवर वळवलं तेव्हा झडपेचा आवाज आला. विचारलं, लहानपणी गुडघे सुजले होते का? सोबत आलेल्या तिच्या आईने सांगितलं, सुजले होते, एक गुडघा बरा झाला की दुसरा, आणि त्याआधी घसा धरला होता. संधिवाताचा ताप. पाश्चात्त्य पुस्तकांत फिब्रिलेशन म्हणजे साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचा आजार. आपल्याकडे विशीतल्या पोरी तो घेऊन येतात, आणि झडप आकसलेली असताना हा ताल आला की डाव्या कर्णिकेत गुठळी धरते. एक बाजू लुळी पडलेली अशीच एक मुलगी मी पाहिलीय. वाचाही गेली होती तिची.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेव, कारण औषधकंपनीचा माणूस तुझ्याकडे येईल आणि रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचं कौतुक करेल. तपासणी नको, पथ्य नको, फारच सोयीच्या. इतर फिब्रिलेशनमध्ये त्या चांगल्याच आहेत. पण संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्यांवर २०२२ साली इन्व्हिक्टस नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, सुमारे साडेचार हजार रुग्णांचा, आपल्या देशातलेही त्यात होते. नवी रिव्हारॉक्साबॅन एका बाजूला, जुन्या वॉरफरिन जातीच्या गोळ्या दुसऱ्या बाजूला. जुन्या गोळ्यांवरच्या लोकांचं बरं झालं, मृत्यूही कमी. तेव्हा झडप आकसलेली असेल तर जुनी गोळी, आणि आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये. दिवस गेलेले असतील तर या गोळ्यांचा प्रश्न आणखी अवघड, तो तू एकटीने सोडवायचा नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. बायकांना पाळीची तारीख विचारल्याशिवाय गोळी लिहू नकोस.

हे सांगायला सोपं. भट्टीवरची बाई पावसाच्या तोंडावर गावी जाते, आणि तिकडे आयएनआर कोण करणार? दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन कोण देणार? मी तिला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड करून दिलं. गोळीचं नाव, शेवटची आयएनआर, इंजेक्शनची तारीख, सगळं मराठीत मोठ्या अक्षरात. ते तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवलं. पुढच्या हंगामात कार्डावर दुसऱ्या कुणाच्या अक्षरात चार तारखा वाढलेल्या होत्या. त्या अक्षराचा माणूस मी कधी पाहिला नाही, पण त्याला मनातून हात जोडले.

आता जे कुणाला फारसं सांगत नाही ते सांगते.

दवाखान्याच्या दुसऱ्या वर्षी पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ स्कूटरवर मागे बसून आले. छातीत धडधडतंय म्हणाले. नाडी १६०, नियमित, बीपी ११०. पट्टीवर क्यूआरएस रुंद, तीन छोट्या चौकोनांपेक्षा जास्त. ते माझ्याशी पावसाबद्दल बोलत होते. मी मनाशी म्हटलं, खालच्या कप्प्यातून उठणारी व्हीटी असती तर माणूस असा बसून गप्पा मारेल का? ही वरून उठणारी एसव्हीटीच, फक्त रुंद दिसतेय. व्हेरापामिलची अँप्यूल फोडली, सिरिंजमध्ये ओढली. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्या सरांना फोन लावला. त्यांनी पट्टीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "आधी कधी अटॅक आलाय का त्यांना?" मी रिसीव्हर हातात धरून गृहस्थांना विचारलं. म्हणाले, हो, चार वर्षांपूर्वी. सर म्हणाले, "सिरिंज खाली ठेव."

व्हीटीमध्ये माणूस बोलू शकतो, चालू शकतो, स्कूटरवरून येऊ शकतो. बीपीवरून ताल ठरवायचा नाही. रुंद आणि नियमित धावणारा ताल, त्यात जुना अटॅक किंवा हृदय कमजोर असल्याचा इतिहास, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती व्हीटीच. आणि व्हीटीत व्हेरापामिल गेलं की बीपी कोसळतं, कधी कधी परत येतच नाही. नंतर ती पट्टी मी दिवसभर बघत बसले. क्यूआरएसच्या रांगेत पी लाटा आपापल्या चालीने जात होत्या, आणि मधेच एक अरुंद, नेहमीसारखा ठोका घुसला होता, वरून खाली कसाबसा पोचलेला. खूण समोरच होती. मी शोधली नाही, कारण माझं आधीच ठरलं होतं. ते गृहस्थ मुंबईला पोचले, शॉकने ताल जागेवर आला. पुढे कितीतरी वर्षं ते रस्त्यात भेटले की हसायचे, आणि माझ्या पोटात दर वेळी गोळा यायचा.

माणूस घामाघूम, बीपी घसरलेलं, शुद्ध हरपत चाललेली, छातीत दुखतंय, असं असेल तर नाव शोधत बसू नकोस. तालाशी जुळवून शॉक द्यायची सोय असेल तर तो, नसेल तर १०८ आणि सोबत तू. नाडीच लागत नसेल तर पट्टी सोड, छाती दाबायला लाग.

अरुंद, नियमित आणि १८० च्या आसपास, तरुण मुलगी, "मधेच बटण दाबल्यासारखं सुरू होतं आणि मधेच थांबतं" म्हणते, तर बहुधा एसव्हीटी. दहा मिलीची सिरिंज दे, दट्ट्या हलेल इतपत पंधरा सेकंद तिच्यात फुंकायला सांग, आणि लगेच आडवी करून पाय वर उचल. २०१५ च्या एका अभ्यासात अशा रीतीने शंभरात ४३ जणांचा ताल सुधारला, नुसतं बसून कुंथण्याने १७ जणांचा. फुकटचं औषध आहे. नाही थांबलं तर अ‍ॅडिनोसिन, दमा नाही ना विचारून, मोठ्या शिरेतून झटक्यात, मागून सलाइन. आणि पेशंटला आधी सांग, काही सेकंद मरतोय असं वाटेल. न सांगता दिलंस तर ती परत तुझ्याकडे येणार नाही. मशीन मात्र तेवढा वेळ चालू ठेव, थांबताना ताल जे बोलतो ते सगळ्यात मोलाचं. एक अपवाद. अनियमित, रुंद, प्रत्येक ठोक्याचा आकार वेगळा आणि दोनशेच्या वर, तर त्यात ना अ‍ॅडिनोसिन, ना व्हेरापामिल, ना डिगॉक्सिन. वरून खाली एक जादा वाट असते तिथे, नेहमीची वाट बंद केलीस की सगळा लोंढा त्या वाटेने येतो.

धावतेय ती प्रत्येक नाडी हृदयाची नसते हेही लक्षात घे. तापाने, रक्त गेल्याने, रक्त कमी असल्याने, थायरॉइडने पळणारी साधी नाडीच जास्त भेटेल. पी सरळ, क्रम शाबूत, वेग तेवढा जास्त. तिथे हृदयाचं औषध देऊ नकोस, खालच्या पापणीचा रंग बघ.

आणि पुष्कळदा पट्टी नॉर्मल येईल. पट्टी दहा सेकंदांची, धडधड परवा रात्रीची. "काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून बायकांना घरी पाठवलं जातं ना, त्याचा मला फार राग आहे. मी विचारते, कशी धडधड झाली ते बोटाने टेबलावर वाजवून दाखवा. एक ठोका चुकून पुढचा जोरात येतो, की घोडा सुटल्यासारखं सरळ पळतं, की नुसता गोंधळ, ते बोटं सांगतात. एक आजी म्हणाल्या, "बाय, छातीन धरधर व्हते," आणि टेबलावर असं काही वाजवलं की पट्टीआधीच मला फिब्रिलेशन ऐकू आलं. घरच्यांनाही नाडी मोजायला शिकव. पुढच्या वेळी वहीत आकडा घेऊन येतात.

संथ ताल लोक अशक्तपणा म्हणून सोडून देतात. वज्रेश्वरीला कुंडावर चक्कर येऊन पडलेले एक काका, उकाड्याने झालं म्हणून सरबत पाजून घरी आणलेले. नाडी ३६. पट्टीवर पी आपल्या वेगाने, क्यूआरएस आपल्या वेगाने, कुणाचा कुणाशी संबंध नाही. तारपा एका चालीवर आणि नाचणारे दुसऱ्याच. पूर्ण ब्लॉक. पेसमेकर बसला आणि काका परत कुंडावर जायला लागले. फिट येते म्हणून गोळ्या खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची नाडी एकदा पूर्ण मिनिट मोजच. पोराने कुंपणावरच्या बिट्टीची बी चघळली असेल तरी नाडी अशीच मंदावते, तेव्हा मूल हसतंखेळतं दिसलं तरी मशीनला लावून ठेव आणि पुढे हलव.

विंचवाचा पेशंट आला की डॉ. हिंमतराव बावस्कर आठव. महाडच्या भागात, आपल्यासारख्याच तुटपुंज्या सामानावर काम केलं त्यांनी. लाल विंचू चावलेली माणसं का दगावतात हे रात्र रात्र खाटेशी बसून बघितलं, १९८२ साली ती लक्षणं लॅन्सेटमध्ये छापून आली आणि पुढे प्रॅझोसिनच्या साध्या गोळीने कोकणातले मृत्यू किती खाली आले. २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी टिपलेली लक्षणं बघ, उलटी, दरदरून घाम, हातपाय गार. पट्टीवर टी लाट उंच होते, एसटी हलते, जादा ठोके पडतात, हे सगळं खरं. पण घामाने कप सुटत असतात आणि तू तारा लावण्यात गुंतलेली असतेस, तेवढ्यात मूल गार पडतं. हात धरलेला असेल तर ते तुला आधी कळेल.

राहिला फोटो. आइन्थोव्हेनने ईसीजीचं यंत्र केलं तेव्हा पेशंटला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. यंत्र इतकं अवजड की ते रुग्णालयात नेणं शक्य नव्हतं. १९०५ साली त्याने रुग्णालयापासून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेतून पेशंटची पट्टी मागवली. तेव्हा रात्री ताईला ईसीजी पाठवतेस यात कमीपणा काही नाही, शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. फक्त पट्टी सपाट ठेव, दिवा बाजूला घे, चौकोन मोजता येतील इतका जवळून फोटो काढ. पेशंटकडे जुनी पट्टी असेल तर तीही पाठव. जुन्या पट्टीत तोच रुंद क्यूआरएस असेल तर अर्धी काळजी तिथेच मिटते. त्या कागदावर उष्णतेने छापलं जातं, म्हणून तो उन्हात, पिशवीत, गोदरेजच्या कपाटातसुद्धा हळूहळू फिका पडतो. पेशंट कोरा कागद घेऊन येतात आणि म्हणतात, यात सगळं होतं. म्हणून झेरॉक्स काढून दे, नाहीतर त्यांच्याच मोबाइलमध्ये फोटो काढून दे.

आणि यापुढे फोटोच्या आधी एक ओळ. वय, बाई की बुवा, नाडी किती आणि कशी, बीपी, आधीचा आजार. ती ओळ नसेल तर मी पट्टी उघडणार नाही, कितीही वाजलेले असोत. आजींना सांग, बुधवारी बाजाराला येतील तेव्हा माझ्याकडे चक्कर टाका, तो हात कापण्याचं काय ते बघू. तू जेवलीस का ते त्याच मेसेजात कळव.

तुझी ताई